सहा जणांचे घर, पंचवीस फुटांची नौका

(एका कौटुंबिक व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाची सुरुवात एका रिकाम्या नौकेपासून होते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकुव्हर नावाचे विस्तीर्ण बेट आहे. त्याच्या आग्नेय टोकाशी सिडनी हे छोटे गाव. १९२६-२७ च्या सुमारास या गावाजवळच्या खाडीत एक लहानशी नौका निर्मनुष्य अवस्थेत सापडली. तिचे नाव ‘कॅप्रिस’. जेफ्री ब्लँशेट हे गृहस्थ तीतून एकटेच बाहेर पडले होते, ते परत आले नाहीत. ते बुडाले असावेत, असाच निष्कर्ष निघाला. मागे राहिली त्यांची पत्नी म्युरियल वायली ब्लँशेट आणि पाच मुले. थोरल्या मुली शाळकरी वयाच्या, धाकटी भावंडे अगदीच अजाण. म्युरियल यांचा जन्म १८९१ चा, म्हणजे त्या वेळी वय पस्तिशीच्या आसपास. हे कुटुंब पूर्व कॅनडातून १९२२ मध्ये तेथे येऊन स्थायिक झाले होते. माहेर-सासरची माणसे हजारो किलोमीटर दूर, उत्पन्न बेताचे, आणि दाराशी बांधलेली तीच नौका.

अशा प्रसंगी सर्वसामान्य माणूस काय करील? ती नौका विकून टाकील, समुद्राकडे पाठ फिरवील आणि मुलांना पाण्यापासून दूर ठेवील. त्यात गैर काहीच नाही. दुःखाची वस्तू दृष्टीआड करावी, ही मनाची स्वाभाविक ओढ असते. म्युरियल यांनी मात्र वेगळी वाट धरली. उन्हाळा आला की त्या आपले राहते घर भाड्याने देत, त्या भाड्याचा संसाराला हातभार लागे, आणि चार महिने संपूर्ण कुटुंबाचा मुक्काम त्याच ‘कॅप्रिस’वर असे. मुले मोठी होईपर्यंत अनेक वर्षे हा क्रम चालू राहिला. ज्या नौकेने घरचा कर्ता पुरुष परत आणला नाही, तीच नौका त्या घराचे घर झाली. मुले आणि परिचित त्यांना ‘कॅपी’ म्हणत. कॅप्टन या शब्दाचे ते लाडके रूप.

या निर्णयाला कोणी साहस म्हणेल, तर कोणी अविचार. तो नेमका काय होता, हे ठरविण्यासाठी ती नौका आणि तो समुद्र दोन्ही नीट पाहिले पाहिजेत.

‘कॅप्रिस’ची लांबी पंचवीस फूट आणि रुंदी साडेसहा फूट. म्हणजे मुंबईतील चाळीच्या एका खोलीएवढीच जागा, आणि तीही टोकाकडे निमुळती होत गेलेली. ती शिडाची नौका नव्हती. तिला इंजिन होते. त्या एवढ्याशा जागेत आई, मुले, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाचे साहित्य, इंधन, नकाशे आणि थोडी पुस्तके. मागे बांधलेली एक वल्ह्याची छोटी होडी. ज्यांनी दहा बाय सोळाच्या खोलीत सहा माणसांचा संसार पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. अशा जागेत प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असते, प्रत्येकाला ठरलेले काम असते, आणि एकाने केलेला पसारा ही सर्वांची अडचण ठरते. घरात आळस खपून जातो. नौकेवर दोर गुंडाळून जागेवर ठेवला नाही, तर अंधारात कोणाचा तरी पाय त्यात अडकतो. शिस्तीवर व्याख्यान देण्याची वेळच येत नाही. समुद्र स्वतःच ते काम करतो.

आता त्या समुद्राविषयी. ब्रिटिश कोलंबियाचा हा किनारा सरळ रेषेत नाही. हिमयुगातील हिमनद्यांनी डोंगर कोरून काढले, बर्फ वितळल्यावर त्या खोल दऱ्यांत समुद्र शिरला आणि लांबच लांब, अरुंद, उभ्या कड्यांच्या खाड्या तयार झाल्या. जर्व्हिस ही त्यांपैकी एक. तिची खोली काही ठिकाणी सहाशे मीटरहून अधिक आहे. म्हणजे किनारा हाताच्या अंतरावर दिसतो आणि नांगर मात्र तळाला पोहोचत नाही. अशा ठिकाणी नौका किनाऱ्यावरील झाडाला किंवा खडकाला दोराने बांधावी लागते, आणि बांधताना पाणी रात्रीतून किती चढेल व किती उतरेल, याचा हिशेब करावा लागतो. हिशेब चुकला तर सकाळी नौका खडकावर कलंडलेली सापडते.

पाणी चढण्या-उतरण्याचा हा हिशेब म्हणजे त्या प्रवासाचा प्राण होता. तेथील भरती-ओहोटीतील फरक काही ठिकाणी पाच मीटरच्या घरात जातो. मुंबईच्या समुद्रालाही उधाणाच्या दिवशी पावणेपाच-पाच मीटरची भरती येते, त्यामुळे या आकड्याचे कोकणवासीयांना नवल वाटणार नाही. परंतु आपल्याकडे ते पाणी मोकळ्या किनाऱ्यावर पसरते. तेथे तेच पाणी दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून आत-बाहेर करते. आतली खाडी भरेपर्यंत बाहेरची ओहोटी सुरू होते. फटीच्या दोन्ही अंगांच्या पाण्याची पातळी वेगळी राहते. आणि समुद्रच नदीप्रमाणे उतारावरून धावू लागतो. स्कूकमचक या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो आणि प्रवाहाचा वेग सोळा नॉटपर्यंत जातो. तेथील जुन्या व्यापारी बोलीत या नावाचा अर्थच मुळी ‘बलवान पाणी’ असा आहे. लहान इंजिनाची नौका पाच-सहा नॉटने चालते. म्हणजे अशा प्रवाहात इंजिन पूर्ण शक्तीने चालू असतानाही नौका मागे मागेच जाणार.

मग मार्ग काय? मार्ग एकच, आणि तो म्हणजे थांबणे. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी काही मिनिटे पाणी थबकते. भोवरे विरतात, फेस नाहीसा होतो, फट आरशासारखी शांत होते. तेवढ्या मिनिटांत पलीकडे जायचे. ती वेळ भरतीच्या कोष्टकात पाहून, घड्याळ लावून, डोळ्यांनी पाण्याची खात्री करून ठरवायची. तासभर आधी आले तर तासभर थांबायचे. अर्धा तास उशीर झाला तर पाणी पुन्हा थबकेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा तास मुक्काम करायचा. प्रिन्सेस लुईसा ही अतिशय देखणी खाडी ब्लँशेट कुटुंबाच्या विशेष आवडीची. तिच्या मुखाशी मलिबू नावाचा असाच चिंचोळा प्रवाह आहे. तो ओलांडला की आत दोन्ही बाजूंना बर्फाची शिखरे, कड्यांवरून कोसळणारे झरे आणि टोकाशी सुमारे चाळीस मीटर उंचीचा चॅटरबॉक्स धबधबा. परंतु हे वैभव पाहण्याचा परवाना घाई करणाऱ्याला मिळत नाही.

म्युरियल यांचा निर्णय अविचार नव्हता, हे येथे स्पष्ट होते. समुद्राला जिंकण्याची भाषा त्यांनी केली नाही. समुद्र आपल्याहून बलवान आहे, हे त्यांनी मान्य केले होते. किंबहुना त्यांच्याइतके ते कोणाला ठाऊक असणार! परंतु जे बलवान आहे त्याचेही नियम असतात. ते नियम शिकता येतात आणि मुलांना शिकविता येतात. भीतीचे दोन परिणाम संभवतात. ती माणसाला घरात कोंडते किंवा अभ्यासाला बसविते. या मातेने आपल्या भीतीला अभ्यासाला बसविले.

तीच गोष्ट इंजिनाची. त्या काळातील नौकांची इंजिने लहरी असत. ठिणगी पडेना, इंधनात पाणी शिरले, अशा तक्रारी नित्याच्या. जवळच्या कारागिराकडे जायचे तर दिवसभराचे अंतर. म्हणून म्युरियल स्वतःच इंजिन उघडायला, दुरुस्त करायला शिकल्या. यंत्र हे पुरुषाचे क्षेत्र मानणाऱ्या जमान्यात हात काळे करून बसलेली आई त्या मुलांनी पाहिली. स्त्री सबला आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नसेल.

धुक्याचे संकट निराळेच. या किनाऱ्यावर धुके दाटले की नाकासमोरचा खडक दिसत नाही. आजच्यासारखे उपग्रहाने स्थान सांगणारे उपकरण तेव्हा नव्हते. तेथील आगबोटींचे अनुभवी कप्तान भोंगा वाजवीत आणि कड्यावरून प्रतिध्वनी किती सेकंदांत येतो, ते मोजत. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३३० मीटर जातो. सहा सेकंदांनी प्रतिध्वनी आला म्हणजे जाऊन-येऊन सुमारे दोन किलोमीटर. अर्थात किनारा एक किलोमीटरवर. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलांना भूमिती आणि भौतिकशास्त्र फळ्यावर नव्हे, जिवाच्या गरजेतून भेटते.

प्रवासात इतिहासही सोबत होता. ब्रिटिश आरमारातील कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर याने १७९२ मध्ये या किनाऱ्याची मोजणी केली. मोठी जहाजे मागे ठेवून, वल्ह्यांच्या होड्यांतून त्याने या खाड्या धुंडाळल्या. एका उन्हाळ्यात ब्लँशेट कुटुंबाने त्याच्या नोंदी जवळ ठेवून त्याच्याच मार्गाने प्रवास केला. व्हँकुव्हर कोठे थांबला, कोणते टोक त्याला दिसले आणि कोणते निसटले, हे मुले त्या-त्या जागी जाऊन पडताळीत. जून १७९२ मध्ये तो जर्व्हिस खाडीच्या टोकापर्यंत जाऊन आला. परंतु प्रिन्सेस लुईसाच्या मुखाशी त्याला केवळ एक क्षुल्लक प्रवाह दिसला आणि तो पुढे निघून गेला. पाणी थबकण्याची वेळ साधली नाही, म्हणून एवढा निष्णात दर्यावर्दी त्या सौंदर्याला मुकला. त्याच मोहिमेत शेकडो मैल वल्ही मारूनही पुढे वाट न सापडल्याने विषण्ण झालेल्या व्हँकुव्हरने एका जलभागाला ‘डेसोलेशन साउंड’, म्हणजे उजाड जलप्रदेश, असे नाव दिले. वस्तुतः बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून येणाऱ्या भरत्या त्या परिसरात भेटतात, पाणी फारसे हलत नाही, आणि उन्हाळ्यात ते पोहण्याजोगे ऊबदार होते. एकाला जे उजाड वाटले, ते दुसऱ्याला नंदनवन. नकाशावरचे नाव हे त्या जागेचे असते की नाव देणाऱ्याच्या मनःस्थितीचे, हा प्रश्न मुलांना पडावा, याहून उत्तम इतिहासाचा तास कोणता?

परंतु इतिहासाचा एक अधिक गंभीर धडा याच किनाऱ्यावर आहे, आणि तो सांगितल्यावाचून हे कथन अपुरे राहील.

हा किनारा व्हँकुव्हरने ‘शोधला’ तेव्हा रिकामा नव्हता. सहस्रावधी वर्षे तेथे अनेक मूळ समाज नांदत होते. देवदाराच्या प्रचंड फळ्यांची घरे, कुळाची कथा सांगणारे कोरीव स्तंभ, मुखवटे, नृत्ये असा त्यांचा संपन्न सांस्कृतिक ठेवा होता. १८६२ च्या देवीच्या साथीने यांतील असंख्य गावे उद्ध्वस्त केली. जे उरले ते उन्हाळ्यात मासेमारीच्या ठिकाणी जात आणि हिवाळ्यात गावी परतत. त्यामुळे ब्लँशेट कुटुंब उन्हाळ्यात या हिवाळी गावांत पोहोचले, तेव्हा ती निर्जन होती. त्यांनी घरे पाहिली, स्तंभ पाहिले, दफनाच्या जागाही पाहिल्या. म्युरियल यांच्या लेखनात कुतूहल आहे, आदर आहे, आपण परक्याच्या दारात उभे आहोत याची बोच आहे. तरीही ती गावे कोणाची तरी होती आणि बोलावणे कोणी केले नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच. थोर व्यक्तीच्या चरित्रातही असे पान असते. ते झाकून ठेवल्याने चरित्र उजळत नाही.

त्या गावांच्या शांततेमागे केवळ रोगराई नव्हती, कायदाही होता. क्वाक्वाका’वाक्व आणि शेजारच्या समाजांत ‘पोटलॅच’ नावाचा सोहळा असे. विवाह, नामकरण, वारसा, मृत्यू अशा प्रसंगी यजमान सर्वांना बोलावी, कुळाची नृत्ये सादर होत आणि यजमान आपली संपत्ती पाहुण्यांत वाटून टाकी. जो अधिक देई, त्याची प्रतिष्ठा अधिक. साठविण्यापेक्षा देण्याला मान देणारी ही प्रथा तत्कालीन शासनाला व मिशनऱ्यांना रानटी वाटली. १८८५ पासून कायद्याने ती गुन्हा ठरली. १९२१ च्या नाताळच्या सुमारास व्हिलेज आयलंड या बेटावर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पोटलॅच केला. पंचेचाळीस जणांवर खटले भरले गेले. सुमारे वीस स्त्री-पुरुषांना तुरुंगात पाठविण्यात आले. गुन्हा काय? नाचणे, भाषण करणे, भेटी देणे-घेणे. ज्यांनी सोहळ्याचे मुखवटे व ताम्रपट स्वाधीन केले, त्यांना तुरुंगातून सवलत मिळाली. त्या पवित्र वस्तू संग्रहालयांत गेल्या, काही थेट न्यूयॉर्कच्या संग्राहकाला विकल्या गेल्या. ‘कॅप्रिस’ त्या परिसरात फिरत होती, ती या घटनेनंतर काहीच वर्षांनी.

पण कथा तेथे संपली नाही. वृद्धांनी गीते मनात जपली, घराघरांतून नव्या पिढीला दिली. १९५१ मध्ये ती बंदी कायद्यातून वगळली गेली. त्यानंतर समाजाने आपल्या वस्तू परत मागितल्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि १९७९ मध्ये केप मज येथे व १९८० मध्ये अलर्ट बे येथे स्वतःची संग्रहालये उभारून त्यांतील बऱ्याच वस्तू घरी आणल्या. अलर्ट बेच्या संस्थेचे नाव ‘उमिस्ता’. पूर्वी शत्रूने पळवून नेलेली माणसे सुटून घरी परतली की त्यांना उमिस्ता लाभली, असे म्हणत. मुखवट्यांचे परतणे हीदेखील उमिस्ताच. समाजाची स्मृती कायद्याने पुसता येत नाही. ती घरातून घरात, आजीकडून नातवाकडे जात राहते. संस्कृतीचे खरे संग्रहालय कुटुंब हेच असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

काळाच्या या गुंत्याचा विचार म्युरियल यांच्याही मनात होता. एका उन्हाळ्यात नौकेवर बेल्जियन लेखक मॉरिस मॅटरलिंक यांचे पुस्तक होते. काळ ही एक वक्ररेषा मानली आणि तिच्या सर्वोच्च बिंदूवर, वर्तमानात, माणूस उभा राहिला, तर मागचा भूतकाळ आणि पुढचा भविष्यकाळ त्याला एकाच क्षणी दिसू शकेल, अशी ती कल्पना. तीवरूनच त्यांनी पुढे आपल्या पुस्तकाचे नाव ‘द कर्व्ह ऑफ टाइम’ असे ठेवले. स्कॉटलंडमधील ब्लॅकवुड या प्रकाशनसंस्थेने ते १९६१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी, टंकलेखन यंत्राशी काम करीत असताना, सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज ते पुस्तक त्या किनाऱ्यावरील दर्यावर्दींच्या घरोघरी असते.

त्या पुस्तकाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. अनेक उन्हाळे त्यात एकमेकांत मिसळले आहेत. कोणते वर्ष, याचा पत्ता बहुधा लागत नाही. आणि ज्या दुर्घटनेपासून हे सारे सुरू झाले, त्या पतीच्या मृत्यूचा टाहो त्यात कोठेही नाही. दुःख विसरले गेले, असा याचा अर्थ नव्हे. जिने दर उन्हाळ्यात त्याच सुकाणूवर हात ठेवला, तिला विसरणे कसे शक्य होते? परंतु मुलांच्या बालपणावर त्या दुःखाची सावली पडू द्यायची नाही, हा निश्चय त्या मौनात आहे. मुलांना वारशात रिकामी नौका मिळाली नाही, भरलेली मिळाली.

त्या निसर्गाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. रिपल रॉक नावाचा पाण्याखालचा जुळ्या शिखरांचा खडक याच मार्गावर होता. त्याने शंभराहून अधिक बळी घेतले होते. ५ एप्रिल १९५८ रोजी, खालून बोगदा खणून, तेराशेहून अधिक टन स्फोटके भरून तो उडविण्यात आला. प्रवाह मात्र आजही तितकाच प्रखर आहे. दुसरीकडे, प्रिन्सेस लुईसाच्या धबधब्याजवळची जमीन जेम्स मॅक्डोनाल्ड या गृहस्थांच्या मालकीची होती. ते उन्हाळ्यात तेथे राहत आणि येणाऱ्या नौकांचे आतिथ्य करीत. तेथे मोठे विश्रामगृह उभारून त्यांना पैसा मिळविता आला असता. १९५३ मध्ये त्यांनी ती जागा सर्व नौकाप्रवाशांसाठी विश्वस्त संस्थेला देऊन टाकली. आज ते सार्वजनिक सागरी उद्यान आहे. एकाने खडक फोडून वाट दिली, दुसऱ्याने मालकी सोडून. दोन्हींची गरज असते. परंतु दुसऱ्या प्रकारची माणसे विरळा.

सज्जनहो, येथे बसलेल्या कुटुंबांपैकी फारच थोड्यांकडे नौका असेल. परंतु प्रत्येक घराला कधी ना कधी अशी एक चिंचोळी फट लागते. कर्ता माणूस जातो, नोकरी सुटते, आजार येतो, आणि पाणी विरुद्ध दिशेने धावत असते. अशा वेळी धैर्य म्हणजे डोळे मिटून आत घुसणे, अशी अनेकांची समजूत असते. ब्लँशेट कुटुंबाचा अनुभव निराळे सांगतो. कोष्टक पाहावे, दोर घट्ट बांधावा, मुलांना जवळ घेऊन जेवण उरकावे आणि वाट पाहावी. पाणी थबकते. ते प्रत्येक वेळी थबकते. ती घटिका काही मिनिटांचीच असते. तोवर इंजिन दुरुस्त असले पाहिजे आणि प्रत्येकजण आपापल्या जागेवर असला पाहिजे, एवढेच.